चौथ्या खोक्यातलं पुस्तक

भाचीची मुलगी नांदेडच्या एका नावाजलेल्या शाळेत तिसरीत आहे. परवा मी त्यांच्याकडे गेले तेव्हा तिने दप्तरातून एक पुस्तक काढून दाखवलं. पुस्तकाच्या पाठीवर हिरवी गोल टिकली चिकटवलेली. ही कसली टिकली म्हणून विचारलं तर म्हणाली, आजी, मी हिरवी आहे. लाल म्हणजे ज्यांना वाचता येत नाही ते, पिवळी म्हणजे जरा जरा येतं ते, आणि हिरवी म्हणजे हुशार. कुणी ठरवलं, असं मी विचारलं. टीचरनी, म्हणाली. टीचरनी तुला जवळ बसवून तुझं वाचन ऐकलं होतं का? पोरगी गोंधळली. स्वयंपाकघरातून भाची म्हणाली, मावशी, रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, आता तरी तपासणी सोड की. घरातले सगळे हसले.

मला हसू आलं नाही. अशी टिकली बघितली की माझं डोकं फिरतं. पुस्तकांना खूण असावी, त्याबद्दल माझी तक्रार नाही. एकेकाळी मीच तशी सोय केली होती. पण ती खूण पुस्तकावरून उचलून लेकराच्या कपाळावर चिकटवायला माणसाला एक दुपार पुरते, हे मला ठाऊक आहे, कारण ते मी केलेलं आहे. हा राग जुना आहे आणि त्यातला मोठा वाटा माझ्याच नावावर आहे.

लातूर जिल्हा तेव्हा नवानवा झाला होता. उस्मानाबादेतून वेगळा निघाल्यामुळे सगळ्या खात्यांत जागा निघाल्या, आणि भोकरकडच्या एका खेड्यातली मी, डी.एड. करून दोन वर्षं घरी बसलेली, रेणापूरच्या पुढे एका गावात जिल्हा परिषदेच्या शाळेवर रुजू झाले. माझे वडील शेतमजूर. त्यांना वाचता येत नव्हतं. माझा नेमणुकीचा हुकूम त्यांनी तीन वेगवेगळ्या माणसांकडून वाचून घेतला. त्यात 'तात्पुरती' असा एक शब्द होता, तो तिघांपैकी एकानेही त्यांना मोठ्याने वाचून दाखवला नाही. मला मात्र तो पाठ झाला होता.

नव्या जिल्ह्याचा उत्साह काही विचारू नका. दर आठवड्याला कशाचं तरी उद्घाटन, कुठे तरी फीत, कुठे तरी फोटो. पाऊस मात्र दुसऱ्या वर्षीही आला नाही. गावातली माणसं पारावर बसून म्हणायची, जिल्हा हिकडं आला पण पाणी उस्मानाबादलाच राहिलं. टँकर सकाळी यायचा, नेमका शाळेच्या वेळेला, आणि घंटा झाली तरी निम्मी पोरं घागरी घेऊन रांगेत उभी असायची.

मी गावात खोली शोधली. पहिल्या घरी नाव विचारलं, मग गाव विचारलं, मग आडनाव विचारलं, आणि मग खोलीत धान्य ठेवलंय म्हणाले. दुसऱ्या घरीही धान्यच निघालं. दुष्काळात एवढं धान्य कुठून आलं होतं कोण जाणे. शेवटी गावाच्या पूर्वेला आमच्या बौद्ध वस्तीत एक पत्र्याची खोली मिळाली, आणि खरं सांगायचं तर तिथेच मला बरं वाटलं. शेजारी एक बाई राहायच्या. नवरा-बायको दोघंही रोजगार हमीच्या कामावर खडी फोडायला जायचे. त्यांची थोरली मुलगी माझ्या तिसरी-चौथीच्या एकत्र वर्गात चौथीला होती. पाठीवर वर्षाचं भावंड बांधूनच ती कधी कधी शाळेत यायची.

शाळेचे हेडमास्तर, ज्यांना सगळे मोठे गुरुजी म्हणत, ते पलीकडच्या गावचे. घरची शेती, अंगात पांढरा स्वच्छ सदरा, अक्षर मोत्यासारखं. दुष्ट माणूस नव्हता. लोकांना वाटतं अशा गोष्टीत एक दुष्ट माणूस असतो, म्हणून आधीच सांगते. त्यांचा जीव डेडस्टॉक रजिस्टरमध्ये होता. शाळेची घंटा, दोन खुर्च्या, नकाशा, पृथ्वीचा गोल, सगळं त्या रजिस्टरात नोंदलेलं, आणि ज्याची तिथे नोंद झाली ती वस्तू वापरून झिजू नये ही त्यांची काळजी. पृथ्वीचा गोल मी रुजू झाले तेव्हा कागदात गुंडाळलेला होता, आणि माझी बदली झाली तेव्हाही तसाच होता.

त्या वर्षी जूनमध्ये जिल्ह्याकडून पुस्तकांची पेटी आली. लोखंडी ट्रंक, आत शंभराच्या आसपास गोष्टींची पुस्तकं. जीपमधून आली, ओट्यावर फोटो निघाला, आणि मोठ्या गुरुजींनी पुस्तकं रजिस्टरात चढवून पेटीला कुलूप लावलं. मी चार-पाच वेळा किल्ली मागितली. प्रत्येक वेळी त्यांचा एकच प्रश्न, एखादं फाटलं तर जबाबदार कोण. मी म्हणायची, गुरुजी, पुस्तक वाचून फाटलं तर चांगलंच की. ते माझ्याकडे अशा नजरेने बघायचे की ही बाई आता शाळेचं छप्पर पण पोरांना वाटून टाकणार.

जुलैत विस्तार अधिकाऱ्याचं पत्र आलं, की पुस्तकं मुलांना वाचायला देऊन अहवाल पाठवा. पत्राला मात्र ते घाबरायचे. किल्ली मिळाली. प्रत्येक पुस्तकाच्या मागे इयत्ता छापलेली होती, पहिलीची पातळ चित्रांची, चौथीची जाड बारीक अक्षरांची. पत्रात लिहिलं होतं तसं पहिल्या दिवशी मी इयत्तेप्रमाणे वाटली, आणि अर्ध्या तासात वर्गाची दैना झाली. चौथीतली निम्मी पोरं जाड पुस्तक मांडीवर उघडून नुसती बसलेली. एकाने मला विचारलं, बाई, ह्यात चित्र कधी येतंय? दोन वर्षं ही पोरं पाण्यामागे आणि गुरांच्या छावणीत फिरत होती. वरच्या वर्गात ढकलली गेली तरी वाचन दुसरीतच अडकलेलं. आणि तिसरीतली दोघं-तिघं चौथीचं पुस्तक घडाघडा वाचतील अशी. ज्याने छापखान्यात बसून इयत्ता ठरवली त्याला आमची पोरं कशी माहीत असणार. सगळ्यांना एकाच मापाच्या चपला वाटाव्यात तसला हा कारभार होता.

मग मी माझी पद्धत काढली. कुठल्या पुस्तकातून शिकले नव्हते. माझी आई चिंचोके भाजून ठेवायची, त्यावरून सुचलं. शाळेच्या मागच्या चिंचेखाली एकेका लेकराला घेऊन बसायचं, त्याला एक पान वाचायला द्यायचं आणि समोर दहा चिंचोके ठेवायचे. जिथे अडेल तिथे त्याने स्वतःच एक चिंचोका बाजूला मांडायचा. एका पानात पाचाच्या वर पडले तर पुस्तक जड. एकही पडला नाही तर हलकं. दोन-चार पडले की ते पुस्तक त्या लेकराचं. एवढंच. पण पोरांना त्यात मजा वाटायची कारण चूक झाली की छडी नाही, चिंचोका. शेवटी तो खायला मिळायचा, म्हणून काही बहाद्दर येत असलेल्या शब्दावरही अडायचे.

दुकानातून मी साबणाची चार रिकामी खोकी आणली आणि पुस्तकं इयत्ता न बघता चार ढिगांत लावली. पहिल्या खोक्यात सगळ्यात सोपी, चौथ्यात सगळ्यात अवघड. चौथ्यात सातच पुस्तकं होती. चौथीतलं पोरगं पहिल्या खोक्यातलं पुस्तक घेऊन बसलं तरी मी कुणाला चिडवू दिलं नाही. एकाने चिडवलं तेव्हा त्याला चौथ्या खोक्यातलं पुस्तक सगळ्यांसमोर वाचायला लावलं, मग तोही गप झाला. कुणी कुठल्या खोक्यातलं वाचतं ते एका वहीत लिहून ठेवायची. दर पंधरा दिवसांनी पुन्हा चिंचोके मांडायचे आणि पोर पुढच्या खोक्यावर सरकलं की वहीतला आकडा बदलायचा. त्या दोन महिन्यांत मी जितकी खूश होते तितकी नोकरीत पुन्हा कधी झाले नाही.

शेजारणीची ती मुलगी चिंचेखाली आली तेव्हा भावंड कडेवर होतं. मी दुसऱ्या खोक्यातलं पुस्तक दिलं, एकही चिंचोका पडला नाही. तिसऱ्यातलं दिलं, तरी नाही. मग चौथ्यातलं सगळ्यात जाड पुस्तक दिलं. समुद्रावर भरकटलेल्या खलाशांची गोष्ट होती. पानभर वाचून तिने दोन चिंचोके मांडले, एक 'गलबत'वर आणि एक 'वल्हं'वर. मी अर्थ सांगितला, तिने मान हलवली आणि न सांगता पुढचं पान वाचायला घेतलं. खलाशांचं प्यायचं पाणी संपतं तिथे ती थांबली. थोडा विचार करून म्हणाली, "बाई, येवढ्या पाण्यात राहून बी त्येंला टँकरच लागतोय की."

मी वहीत तिच्या नावापुढे चार लिहिलं. चौथ्या खोक्यापर्यंत पोचलेली शाळेतली दोनच लेकरं होती, एक ही आणि एक गावातल्या शेतकरी घरातली मुलगी. दोघी चौथीतच. त्या दुसऱ्या मुलीचे चार चिंचोके पडायचे, पण तीही चिवट, अडली तरी सोडायची नाही. मधल्या सुट्टीत दोघी एकच पुस्तक धरून ओट्यावर बसायच्या. एक वाचायची, दुसरी बाळाला धरायची.

ऑगस्टमध्ये एका दुपारी मोठ्या गुरुजींनी वही मागितली. चाळली. चौथ्या खोक्याच्या दोन नावांवर बोट ठेवलं आणि हसून म्हणाले, एक नाव तर तुमच्या शेजारचंच दिसतंय. मी म्हटलं, गुरुजी, तुम्ही तिचं वाचन ऐका. ते म्हणाले, मला ऐकायची काय गरज, माझा विश्वास हाय तुमच्यावर. मग वही मिटून हळू आवाजात म्हणाले, "तुमच्या भल्यासाठी सांगायलोय, बाई. नवी नोकरी हाय. गाव बघायलंय, बाई कुणाला वर काढती म्हणून. जरा जपून लिहा."

बस, एवढंच बोलले. दम दिला नाही, हुकूम केला नाही. मी त्यांना आजवर मनातल्या मनात हजार उत्तरं दिली आहेत. त्या दिवशी वही उचलून खोलीवर आले. त्या रात्रभर मला एकच दिसत होतं, सबंध गाव माझ्या वहीवर वाकून बघतंय, आणि म्हणतंय, आलीच ना आपल्या वळणावर, आपल्याच माणसांना वर काढलं. आमच्या लोकांना हा आरोप व्हायला काही करावं लागत नाही. खुर्चीवर बसलं की पुरतं. पाटलाच्या पोराला पाटलाच्या घरातल्या गुरुजींनी पहिला नंबर दिला तर तो हुशार. आमच्या पोरीला मी चार लिहिलं तर ते वशिल्याचं. हे सगळं मला कळत होतं, त्याची चीडही येत होती, आणि तरीही सकाळी उठून मी जे केलं ते केलंच.

वहीतलं ते पान मी फाडलं. शाईने लिहिलेला चार खोडला असता तर दिसला असता. सगळं पान नव्याने लिहून काढलं, तेवीस नावं, आणि तिच्या नावापुढे तीन लिहिलं. त्या सकाळी माझं अक्षर फार सुबक आलं होतं. मी स्वतःला समजावलं की कागदावर तीन असलं म्हणून काय झालं, दोन महिन्यांनी पुन्हा चार लिहू, तोवर लोकांच्या तोंडाला कुलूप. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात. मी लहानपणापासून ही म्हण दुसऱ्यांसाठी वापरत आले होते.

पण वहीत तीन लिहिलं की पुस्तकही तिसऱ्या खोक्यातलंच द्यावं लागतं, नाहीतर कुणीतरी विचारणार. म्हणून त्या मुलीकडून मी खलाशांचं पुस्तक परत घेतलं. तिचं निम्मं वाचून झालं होतं. ती म्हणाली, बाई, पुढं त्येंला पाणी घावलं का तेवढं तर सांगा. मी म्हटलं, नंतर वाचशीलच की. आणि तिच्या हातात ससा-कासवाच्या जातीचं काहीतरी ठेवलं. ते तिने त्याच दिवशी वाचून टाकलं. दुसऱ्या दिवशी दुसरं, तेही वाचून टाकलं.

मग एक गोष्ट झाली, ती मला आजही सहन होत नाही. पंधरा दिवसांनी पुन्हा चिंचोके मांडायचा दिवस आला. तिसऱ्या खोक्यातलं सोपं पान होतं. ती वाचायला लागली आणि मध्येच अडून तिने एक चिंचोका मांडला. मग दुसरा. मग तिसरा. 'बाजार' या शब्दावर तिने चौथा मांडला आणि माझ्याकडे बघितलं. तिला सगळं येत होतं. पण बाईंनी खाली उतरवलं म्हणजे आपल्याला येत नसणार, बाईंना असंच हवं असणार, एवढं त्या लेकराला समजलं होतं आणि ती मला खूश करत होती. मी चारही चिंचोके तिलाच खायला दिले.

सप्टेंबरात जिल्ह्याचं दुसरं पत्र आलं. नव्या जिल्ह्यात दिवाळीनंतर मुलींसाठी एक निवासी शाळा सुरू होणार होती. राहणं, जेवण, पुस्तकं, सगळं तिथेच, थेट दहावीपर्यंत. प्रत्येक शाळेने चौथीतल्या एकाच मुलीचं नाव पाठवायचं होतं, आणि सोबत तिच्या वाचनाची नोंद जोडायची होती. पत्र वाचून मला वाटलं, हे तर तिच्यासाठीच लिहिलंय. कारण ऊसतोडीचा मुकादम वस्तीत येऊन गेला होता. दसऱ्याला विहारात वंदना झाली की तिच्या घरचे ऊसतोडीला जाणार होते, आणि ती बरोबर जाणार हे ठरलेलं होतं. आईबाप उसाच्या फडात, तर पाचटाच्या कोपीवर बाळाला कोण धरणार. जी पोरगी एकदा अशी जाते ती वैशाखात परत येते, आणि मग तिचं नाव पटावरून कमी झालेलं असतं. ती शाळेत टिकण्याचा एकच रस्ता होता, तो त्या पत्रात होता.

मी मोठ्या गुरुजींकडे गेले. नाव त्यांनी आदल्याच दिवशी जिल्ह्याला पाठवलेलं होतं, शेतकऱ्याच्या मुलीचं. नोंद म्हणून माझ्या वहीच्या पानाची नक्कल जोडलेली होती, माझ्या सहीसकट. मी म्हटलं, माझ्या शेजारच्या मुलीचं वाचन हिच्याहून चांगलं आहे. ते म्हणाले, वहीत तर तसं न्हाई. मी म्हटलं, वहीतली नोंद चुकीची आहे. त्यांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

"बाई, यादी तुमच्या हातची हाय. मी त्यात एक अक्षर बदललं न्हाई."

खरंच बदललं नव्हतं. मला त्यांचा गळा धरावासा वाटला, आणि धरून बोलणार काय होते मी? ती शेतकऱ्याची मुलगी दारातच उभी होती, फॉर्मवर अंगठ्यासाठी वडिलांना कधी आणू विचारायला आलेली. ती म्हणाली, गुरुजी, ती माझ्यापेक्षा चांगलं वाचती. नऊ वर्षांच्या पोरीला जे बोलता आलं ते मला महिनाभर बोलता आलं नव्हतं. गुरुजी हसले आणि तिला वर्गात जायला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी रजा टाकून मी एस.टी.ने लातूरला गेले. जिल्ह्याची कचेरी भाड्याच्या इमारतीत होती, जिन्याला अजून रंगाचा वास. ज्या कारकुनाकडे हे काम होतं तो तरुण होता, बोलायला सरळ. त्याने यादी शोधून काढली, ती तीन दिवसांनी साहेबांच्या सहीला जायची होती. मला एवढा आनंद झाला की मी त्याला उगाच दोनदा साहेब म्हटलं. त्याने सांगितलं की दुरुस्ती होईल, पण दोन तऱ्हेने. नजरचूक झाली म्हणत असाल तर अर्जावर मुख्याध्यापकांची सही आणा. जाणूनबुजून चुकीची नोंद केली असं लिहून देत असाल तर तुमची एकटीची सही पुरे, मी आत्ताच साहेबांपुढे ठेवतो. पण मग तुमची चौकशी लागणार.

त्याने कोरा कागद दिला. मी बाकावर बसले. पंख्याखाली कागद उडत होता म्हणून त्यावर पर्स ठेवली. हुकमातला तो 'तात्पुरती' शब्द माझ्या डोळ्यांसमोर होता, माझे वडील होते, भोकरला शिकणारे माझे दोन भाऊ होते. ही सगळी कारणं खरी होती, आणि त्यातलं एकही त्या मुलीच्या उपयोगाचं नव्हतं. मी लिहिलं, 'नजरचुकीने'. कारकुनाने वाचलं आणि कागद मला परत दिला, सही आणा म्हणून.

मोठ्या गुरुजींनी तो कागद दोनदा वाचला. नजरचुकीनं चाराचे तीन होत असतील, म्हणाले, आख्खं पान फाडून पुन्हा लिहिलं जातं का? म्हणजे त्यांना पहिल्यापासून ठाऊक होतं. वहीची पानं मोजून ठेवणारा माणूस तो. त्यांनी सही केली नाही. पुन्हा लातूरला जाऊन दुसरा शब्द लिहायला माझ्याकडे अजून दोन दिवस होते. ते दोन दिवस मी शाळेत हजर राहून शिकवलं.

दसऱ्याच्या संध्याकाळी, वंदना झाल्यावर, मी शेजारी गेले. बाई गोधड्यांची वळकटी बांधत होत्या. मुलगी बाळाला घेऊन सणाच्या जादा टँकरच्या रांगेत गेली होती. मी उंबऱ्यात बसले आणि सगळं सांगितलं, पान फाडल्यापासून कोऱ्या कागदापर्यंत. काही लपवलं नाही. त्या दोरी आवळता आवळता ऐकत राहिल्या. मला वाटलं आता शिव्या देतील, आणि खरं म्हणजे मला त्या हव्याच होत्या. त्यांनी गाठ मारली, हात पुसले आणि माझ्यासमोर येऊन बसल्या.

"तुमी परक्या असत्या ना बाई, तर शाळेच्या दारात येऊन भांडले असते. सगळं गाव गोळा केलं असतं. आपल्या माणसासंगं कुठं जाऊन भांडू?"

मग त्यांनी चहा ठेवला. पाणी कमी होतं म्हणून एकाच कपाचा झाला आणि तो त्यांनी मला दिला. मी नको म्हटलं तर म्हणाल्या, प्या, तुमाला उद्या शाळा हाय.

ट्रक पहाटे गेला. वैशाखात माणसं परत आली तोवर माझी बदली झाली होती. त्या मुलीचं पुढे काय झालं, ती कुठे दिली, तिने पुन्हा कधी पुस्तक हातात धरलं का, मला माहीत नाही. माहीत करून घेणं काही अवघड नव्हतं. रेणापूरला जाणारी गाडी रोज होती. मी गेले नाही, आणि न जायला मला प्रत्येक वर्षी एक नवं कारण सापडत गेलं.

नोकरीची वर्षं भरली तेव्हा निरोपाचा समारंभ झाला. शाल, नारळ, हार, सगळं रीतसर. केंद्रप्रमुख भाषणाला उभे राहिले. म्हणाले, बाईंचा एक गुण सगळ्यांनी घ्यावा असा आहे, उभ्या नोकरीत त्यांनी आपल्या माणसांना कधी झुकतं माप दिलं नाही. लोकांनी टाळ्या वाजवल्या, पहिल्या रांगेत माझे भाऊही वाजवत होते. मग मला दोन शब्द बोलायला सांगितलं. त्या गुणाची किंमत कुणी मोजली ते सांगायला मी उभी राहिले, आणि सगळ्यांचे आभार मानून खाली बसले.